इंजिनाला अर्थ नव्हता

प्रिय खटपटे,

परवा फोनवर मी तुझ्यावर ओरडले आणि कारण न सांगता फोन ठेवून दिला. "बॅटरीची काळी केबल आत्ताच्या आत्ता काढ, आणि मी सांगेपर्यंत सेल्फला हात लावलास तर याद राख," असं काहीतरी बोलले.  दहा मिनिटांनी केबल काढलेल्या बॅटरीचा फोटो तेवढा पाठवलास. शहाणी आहेस. पस्तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालून बसलेली बाई उगाच आवाज चढवणार नाही, एवढं तू ओळखलंस. तर आता पाना खाली ठेव, हात पूस आणि बस. पत्र लांब आहे. आधी तुझ्या गाडीचं सांगते, मग माझं.

तू लिहिलं होतंस की सेल्फ मारल्यावर इंजिन आळसावल्यासारखं फिरतं. दिवे लावले की पेट्रोलचा काटा आपोआप वर चढतो. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही हेडलाइट त्याच्या तालावर मिणमिणतात. याला आम्ही दुकानात 'गाडी भुताने झपाटली' म्हणतो. गिऱ्हाईक बिचारं बॅटरी बदलतं, सेल्फ बदलतं, शेवटी गाडीच विकायला काढतं, आणि भूत असतं एका गंजलेल्या बोल्टखाली. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत बॅटरीकडे यावंच लागतं. जायची वाट सगळे नीट करतात, लाल वायरी रंगीत टेप लावून सजवतात. यायच्या वाटेचा विचार कुणी करत नाही. बॉडीला लावली काळी वायर, झालं काम! या परतीच्या वाटेलाच आम्ही 'अर्थ' म्हणतो. तुझे आजोबा म्हणायचे, "अर्थ नसला की सगळं निरर्थक." हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायचे.

तुझ्या गाडीत तर ही वाट मुळातच अवघड आहे. बॉडी फायबरची, तिच्यातून करंट जात नाही. सांगाडा लोखंडी, पण त्यावर तू भट्टीतून तो सुंदर जाड लाल रंग चढवून आणलास, आणि बॅटरीची काळी केबल त्या रंगावरच आवळलीस. दिसायला झकास, पण रंग म्हणजे करंटच्या वाटेतली भिंत. बोल्टच्या आट्यांमधून जो काय थोडा करंट पलीकडे जातो, तेवढ्यावर तुझी गाडी चाललीय. तेव्हा पहिलं काम: जिथे जिथे अर्थ बसवायचा तिथला रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने घासून काढ, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. दातेरी वॉशर घाल, पान्याने करकचून आवळ, आणि मग वरून ग्रीस लाव म्हणजे गंज धरणार नाही. आधी ग्रीस लावून मग आवळायचं नाही, हे शिकवून माझा जन्म गेला. दिव्यांचं म्हणशील तर प्रत्येक दिव्याची काळी वायर वेगळी ओढ आणि पुढच्या सगळ्या एका बोल्टवर, मागच्या सगळ्या एका बोल्टवर आण. या दिव्याची त्याला, त्याची तिसऱ्याला अशी साखळी केलीस, तर एक कडी सैल पडली की सगळेच एकमेकांच्या वायरीतून वाट शोधतात. तुझा इंडिकेटर सध्या हेच करतोय.

हे सगळं तू वाचून, विचारून शिकली असतीसच. तुझं काम मी गेल्या खेपेला पाहिलंय. तुझे वेल्डिंगचे टाके बघून मला माझ्या पहिल्या कामाची लाज वाटली. पण तू पाठवलेल्या तक्रारींच्या यादीत शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ होती: 'दहा-बारा वेळा सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं नाही, पण अ‍ॅक्सिलेटरची केबल हाताला गरम लागली, इंजिनाच्या उष्णतेमुळे असेल का?' अगं, सुरूच न झालेलं इंजिन कुठून गरम होणार? ती ओळ वाचली आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. दुकानातल्या कारागीर बाईने विचारलं, काय झालं, कोण गेलं? मी थेट तुला फोन लावला.

नीट समजून घे. तुझं इंजिन सांगाड्यावर रबराच्या ठोकळ्यांवर बसलंय, धक्के लागू नयेत म्हणून. रबरातून करंट जात नाही. म्हणजे इंजिनापासून सांगाड्यापर्यंत एक जाड वायर, विणलेल्या तांब्याची पट्टी म्हण हवं तर, वेगळी जोडावीच लागते. तू ती जोडलेली नाहीस. मग सेल्फ फिरवायला लागणारा तो एवढा मोठा करंट परत कुठून जाणार? इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारं जे काही धातूचं सापडेल त्यातून. तुझ्या गाडीत ते सापडलं अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमध्ये, पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत गेलेल्या त्या बारीक तारेत. ती तार तापते. तिच्या बाहेरच्या नळीच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते मऊ पडतं, वितळतं आणि तारेला चिकटतं. पेडल दाबलं जातं, पण सोडल्यावर परत येईलच याचा भरवसा नाही. पुस्तकात असेल-नसेल, मला ठाऊक आहे. मी ते स्वतः करून बसले आहे.

आता माझं.

सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या घरामागच्या शेडमध्ये आम्ही तिघांनी एक गाडी बांधली, हे तुला माहीत आहे. तिचा शेवट कसा झाला हेही तुला सांगितलं गेलंय, पण ते खरं नाही. तुझे आजोबा पत्रेकाम करायचे. बॉडी त्यांची. इंजिन आणि गिअर तुझ्या बाबाचं. वायरिंग माझं. चार वर्षं लागली. दर सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये एवढी ठोकाठोक की शेजारीण म्हणायची, "तुमची गाडी निघेल तेव्हा निघेल, आमचे कान आधी निघाले." तुझा बाबा तेव्हा तुझ्याएवढाच, चोविसाचा. तो गाडी कशी चालवायचा हे तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. त्याच्या शेजारी बसलं की गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. शहर बससेवेच्या ड्रायव्हरच्या परीक्षेत तो पहिला आला होता. नेमणुकीचं पत्र हातात होतं, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. मी नुकतंच माझं दुकान टाकलं होतं. बाई गाड्यांचं वायरिंग करते म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग गाडी दाखवायला. माझं नाव होऊ लागलं होतं आणि मला त्याची धुंदी चढली होती, हेही लिहून ठेवते.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी मला दिसलं की इंजिनाच्या अर्थच्या पट्टीचं थिंबल ढिलं झालंय. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवतो ती तांब्याची कडी. पट्टी काढली, दुकानात नेऊन नवं थिंबल बसवू म्हटलं, बसवलंही. पण सकाळी ती दुकानातच राहिली. मी हात हलवत शेडवर गेले तोवर आजोबांनी बोनेट उघडून सेल्फ मारायला सुरुवात केली होती. कार्ब्युरेटर जुळत नव्हता. अर्धा तास तरी आम्ही थांबून थांबून सेल्फ मारत होतो. शेवटी इंजिन सुरू झालं, सगळे ओरडले, आणि त्या आनंदात माझ्या डोक्यातून पट्टी साफ निघून गेली. गाडी सुरू झाली म्हणजे वायरिंग बरोबर आहे, असं मी तेव्हा समजायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुझा बाबा चालवायला बसला, आजोबा शेजारी. निघण्याआधी त्याने दोनदा पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अ‍ॅक्सिलेटर जरा जड लागतोय." मी म्हटलं, "नवी केबल आहे, दोन दिवसांत सैल होईल. निघा आता, मुहूर्त नका शोधू." हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी बस थांबा. पलीकडे गोदामाची लांब भिंत. उतारावर पेडल अडकलं. पाय काढला तरी इंजिन डरकाळ्या फोडत राहिलं. घरी बनवलेल्या गाडीचे ब्रेक ते केवढे, त्यांनी वेग थोडा कमी केला, थांबवला नाही. थांब्यावर पंधरा-वीस माणसं उभी होती. गाडी गोदामाच्या भिंतीवर गेली. मी धावत पोचले तेव्हा तुझ्या बाबाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि आजोबांचा उजवा गुडघा डॅशबोर्डमध्ये अडकला होता. गाडीची किल्ली बंद केलेली होती. मी ती पाहिली. पुढे आजोबा काठी घेऊनच चालले, ते तू पाहिलंसच.

तुझा बाबा तिथेच रस्त्यावर बसून सांगत होता, "मी पाय उचलला होता. ताई, मी पाय उचलला होता." जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, घाबरला असेल पोरगा, ब्रेकऐवजी दुसऱ्या पेडलवर पाय पडला असेल. पोलिसाने तेच लिहून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरही म्हणाले, होतं असं. आजोबा गुडघा धरून पडले होते. आणि मी? मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "असू दे रे, नवीन गाडीत होतं असं." खरंच सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं होतं. मला त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं.

माहीत झालं दहा-बारा दिवसांनी. दुकानातल्या डब्यात हात घातला आणि ती पट्टी हाताला लागली. नव्या थिंबलसकट. मी शेडमध्ये गेले, मोडलेल्या गाडीतून अ‍ॅक्सिलेटरची केबल ओढून काढली. आतलं अस्तर वितळून तारेला गोंदासारखं चिकटलं होतं, आणि तार जागोजागी निळी पडली होती. मला काही विचार करावा लागला नाही. ती केबल कुणाही वायरमनला दाखवली असती तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी ती गाडीत परत टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याला बोलावलं.

कारण विचारशील. दुकान नवं होतं. बाईच्या हातचं वायरिंग, आणि त्याने बापाचा पाय गेला, एवढं एकदा गावभर झालं की कुलूपच लावायचं. हे एक. दुसरं, तुझ्या बाबाने तोपर्यंत बससेवेला नकार कळवून टाकला होता. म्हटलं, आता सांगून काय उपयोग, झालं ते झालं. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही फुटकी आहेत. नकार मागे घेता आला असता. हाताखाली दुसरा वायरमन ठेवून दुकानही चालवता आलं असतं. मी घाबरले, एवढंच खरं. आणि यातलं सगळ्यात वाईट अजून सांगायचंय. संध्याकाळी तुझा बाबा शेडमध्ये गेला तर गाडी नाही. मी म्हटलं, भंगारात दिली. तो रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला, "बरं केलंस ताई. मला ती रोज बघवली नसती." त्याने माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

त्यानंतर तो स्टेअरिंगला शिवला नाही. रंगाच्या कंपनीच्या गोदामात कामाला लागला, आजही तिथेच आहे. तुझी आई त्याला तिथेच भेटली, तू झालीस. तेव्हा 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं म्हणायची सोय मला होती. कित्येक वर्षं मी ती मनातल्या मनात वापरली. आता वापरणार नाही. सुरुवातीला तो म्हणायचा, 'मी पाय उचलला होता.' मग म्हणू लागला, 'मला वाटतं, मी पाय उचलला होता.' मग तेही म्हणेनासा झाला. एका माणसाचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडताना मी शेजारी बसून पाहिला, मूग गिळून.

म्हणून तू गाडी बांधायला काढलीस तेव्हा तो शेडमध्ये पाऊल टाकत नाही, खिडकीतून बघतो, याचा तू राग धरू नकोस. तू मला लिहिलंस, 'बाबाला माझ्या कामावर भरवसा नाही.' तसं नाहीये. त्याला स्वतःवर नाही. आणि खटपटे, आता मी वायरमन म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही. अडकलेल्या पेडलची गाडी उतारावर हाती असताना ज्याने चार सेकंदांत ब्रेक दाबला, किल्ली बंद केली आणि थांब्यावरची माणसं सोडून गाडी भिंतीवर नेली, तो माणूस घाबरलेला नव्हता. गाडी भिंतीवर गेली असं मीही वर लिहिलंय बघ. गेली नाही. त्याने नेली. मी आयुष्यात शेकडो ड्रायव्हर पाहिले. त्या जागी त्यातले तीन-चार जण हे करू शकले असते.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे येते. बोटाएवढ्या जाडीची केबल आणि दोन विणलेल्या पट्ट्या घेऊन येते, थिंबलं इथेच दाबून. बॅटरीची काळी केबल आपण थेट गिअरबॉक्सच्या बोल्टवर आणायची, सेल्फच्या अगदी जवळ, आणि इंजिनापासून सांगाड्याला दोन पट्ट्या, दोन बाजूंनी. एक तुटली तर दुसरी आहे. अ‍ॅक्सिलेटरची केबल फेकून दे, कितीही चांगली दिसत असली तरी. बाहेरून ती चांगलीच दिसते. मग मीटर लावायचा, एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि तू सेल्फ मारायचा. काटा जवळजवळ हलता कामा नये. व्होल्टच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेला तर आपण परत सगळं उघडायचं, मग रात्र होवो की दुसरा दिवस उजाडो. गाडी सुरू झाली म्हणजे ठीक, हे मी पुन्हा म्हणणार नाही आणि तुलाही म्हणू देणार नाही. तुझी गाडी पक्की होणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुला फोन केला त्याच दुपारी मी बस पकडून तुझ्या बाबाच्या गोदामावर गेले होते. तुला हे माहीत नाही. रंगाच्या डब्यांच्या दोन रांगांमध्ये उभी राहून मी त्याला वरचं सगळं सांगितलं, पट्टी, केबल, भंगारवाला, सगळं. त्याने हातातली पावत्यांची चवड खाली ठेवली आणि फक्त विचारलं, "केबल तू डोळ्यांनी पाहिलीस?" मी हो म्हटलं. तो खाली बसला. माझ्याकडे बघितलं नाही, आरडाओरडा केला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही, आणि मी ते मागितलंही नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पोरीला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप इतक्या वर्षांनी स्वतःची बाजू मांडतोय. तुझ्या हातचं लिहून दे. आणि तिला म्हणावं, ते माझ्यासमोर मोठ्याने वाच." म्हणून फोन नाही, पत्र. आता त्याला हाक मार, समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून वाच. मध्ये थांबू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नाही. शनिवारी तो घरी असेल की नाही, माझ्याशी बोलेल की नाही, ते मला ठाऊक नाही. मी येणार आहे.

तुझीच, आणि त्याचीही,
आत्या